२८० च्या लयीत कोंगा

ढोलकी किंवा पखवाज येणारा कोकणातला वादक कोंग्यावर, म्हणजे हातांनी वाजवायच्या उंच क्यूबन ढोलावर, बसला की दहा मिनिटांत दोन गोष्टी कळतात. हात हवा तेवढा चालतोय, आणि तो नको तिथे पडतोय. डबलबारीच्या पखवाजवाल्याला किंवा जाखडीच्या ढोलकीवाल्याला दमाची काळजी नसते, रात्र रात्र वाजवायची सवय असते. त्यामुळे जलद लॅटिन जॅझ म्हटल्यावर वेग कुठून आणायचा, हा त्याचा प्रश्नच नव्हे. त्याला नडते ती सम. आपल्याकडे सगळं समेकडे धावतं: गजराचा शेवट, तिहाई, झांजेचा अखेरचा ठोका. लॅटिनमध्ये ‘एक’वर धावत गेलात तर घरात कोणीच नसतं. बेस आधीच्या चारवर येऊन गेलेला असतो आणि एकवर गप्प असतो. कोंग्यावर त्या जागी डाव्या हाताचा तळवा टेकलेला असतो, आवाज जवळजवळ नाहीच.

नावं आधी उरकू. ऑर्केस्ट्रात आणि बेंजो पथकांत ‘कोंगो’ म्हणतात, मोठ्याला ‘तुंबा’. क्यूबात या ढोलांना तुंबादोरा म्हणतात. नेहमीची मापं तीन: किंतो, तोंड साधारण ११ इंच, कोंगा, ११.७५ इंच, तुंबा, १२.५ इंच. उंची तिघांची २८ ते ३० इंच. एका माणसाने दोन-तीन ढोल मांडून एकट्याने वाजवायची रीत कान्दिदो कामेरोसारख्या क्यूबन वादकांनी रुजवली. जलद लयीच्या कार्यक्रमाला कोंगा आणि तुंबा एवढे दोन पुरतात. तिसरा आणलात तर हात तिकडे जाण्यासाठी उगाच शिवशिवतो.

मूळ चालीला मार्चा म्हणतात, तुंबाव असंही नाव आहे. केरव्याच्या आठ मात्रा धरा आणि तोंडाने ‘एक नी दोन नी तीन नी चार नी’ मोजा. एकवर डाव्याचा तळवा, नीवर डाव्याची बोटं. दोनवर उजव्याचा स्लॅप (चाबकासारखा कडक आघात), नीवर पुन्हा डावी बोटं. तीनवर डावा तळवा, नीवर डावी बोटं. चारवर उजव्याचा मोकळा टोन (गुंजणारा आघात) आणि चारच्या नीवर उजव्याचाच दुसरा मोकळा टोन. ढोलकीच्या जिभेने म्हणायचं तर ‘थ क चट् क, थ क दूं दूं’. ऐकणाऱ्याच्या कानात पोचतं ते ‘चट्’ आणि ‘दूं दूं’. बाकीचे पाच आवाज वादकाने स्वतःसाठी चालवलेलं घड्याळ आहे.

आता हिशेब करू. जॅझमध्ये जलद म्हणजे मिनिटाला २४० ते ३०० ठोके. २८० धरा. चार ठोक्यांचं एक आवर्तन ०.८६ सेकंदात संपतं, दोन आघातांमधलं अंतर सुमारे १०७ मिलिसेकंद. त्या आवर्तनात उजव्याचे आघात तीन आणि डाव्याचे पाच, म्हणजे डावा सेकंदाला जवळजवळ सहा वेळा हलतोय. मिनिटाला ७० आवर्तनं. दहा मिनिटांचं एक वादन झालं, सोलोंसकट तेवढं होतंच, तर डाव्याचे साडेतीन हजार आघात. कोंगा शिकणारे स्लॅप घोटत बसतात, उजव्या हाताची ताकद वाढवतात, आणि कार्यक्रमात तिसऱ्या मिनिटाला डावा हात लाकूड होतो. हिशेब आधी केला असता तर सरावाची वाटणी वेगळी झाली असती.

डाव्याचं काम जवळून बघण्यासारखं आहे. तळवा आणि बोटं हे दोन आघात नव्हेत, एकच हेलकावा आहे. हात चामड्यावर पडून असतो. तळवा खाली गेला की बोटं आपोआप अर्धा इंच वर येतात, बोटं टेकली की तळवा उचलला जातो. लाटेवर नांगरून ठेवलेली होडी पुढच्या नाळेवर आणि मागच्या टोकावर आळीपाळीने डुलते, तसं. मनगट मोकळं, कोपर स्थिर, खांदा पडलेला. संथ लयीत बोटं दोन इंच उचलली तरी चालतं. २८० ला तेवढं उचलायला वेळच नसतो, म्हणून हात घट्ट होतो, आणि घट्ट झाला की अजून उशीर. बोटांखाली सुपारी जाईल एवढीच फट ठेवायची. कोणी समोर बसून बघत असेल तर त्याला डावा हात हलताना दिसताच कामा नये, नुसता थरथरल्यासारखा वाटावा.

दुसरी चूक आवाजाची. तबलावाल्यांना प्रत्येक बोल स्वच्छ काढायची सवय. ते डाव्याची बोटंही खणखणीत वाजवतात. मग आठही आघात सारख्या उंचीचे होतात, चालीचा आकार जातो आणि कोंगा पत्र्यावर पडणाऱ्या पागोळ्यांसारखा ऐकू येतो. ‘क’ हा बोल फक्त वादकाला आणि फार तर बेसवाल्याला ऐकू यावा.

एवढं करूनही २६०-२७० च्या पुढे पूर्ण मार्चा ओढत राहणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही. तिथून पुढे कमी वाजवायचं. बोटांचे तिन्ही आघात सोडून द्या. एकवर तळवा, दोनवर स्लॅप, तीनवर तळवा, चार आणि चारच्या नीवर मोकळे टोन. डाव्याचे आघात पाचावरून दोनवर आले, दहा मिनिटांचे साडेतीन हजारांवरून चौदाशेवर. समोर बसलेल्याला फरक जवळजवळ कळत नाही, कारण मधली जागा ड्रमसेटची झांज भरून काढतेच आहे. काही जण चार आणि नी उजवा-डावा असे वाटून घेतात. उजव्याला आराम मिळतो, पण डाव्याला नीवर टोन काढून लगेच एकवर तळवा टाकावा लागतो आणि तो तळवा उशिरा पडतो. हात मुळातच हलका असेल त्यानेच हे करावं. तिसरा मार्ग लय निम्म्याने धरायचा: मार्चा एका आवर्तनाऐवजी दोन आवर्तनांवर पसरायची. वर सॅक्सोफोन भरधाव आणि खाली कोंगा सावकाश चालणारा, हे सुंदर वाटतं, पण सोलोच्या मधल्या भागातच. पहिल्या धुनेपासून असं वाजवलंत तर वादन खाली बसतं.

सरावाला मेट्रोनोम हवाच, पण लावायचा कसा यात सगळं आहे. प्रत्येक ठोक्यावर लावला तर तुम्ही त्याच्यामागे फरफटत जाता. आवर्तनाला एकच टिक ठेवा आणि ती टिक म्हणजे ‘चार’ समजा. १६० ची लय हवी तर मेट्रोनोम ४० वर, २८० साठी ७० वर. सुरुवातीला टिक आपोआप ‘एक’ वाटायला लागते, कारण आपला कान समेला चिकटलेला. अशा वेळी वाजवणं थांबवा, तोंडाने ‘चार नी’ म्हणत टिकेवर हात टाका आणि मग चाल पुन्हा धरा. त्या लयीत दहा मिनिटं न थांबता, एकसारखं वाजलं तरच मेट्रोनोम दोनने वाढवायचा. दोनने वाढवला म्हणजे लय आठने वाढते, ते कमी नाही. ४० वरून ७० वर जायला पंधरा पायऱ्या लागतात. घाई कित्याक? याशिवाय रोज पाच मिनिटं फक्त डावा हेलकावा, टेबलावर किंवा मांडीवर, एसटीत बसल्या बसल्याही होतो. शेजारचा प्रवासी बघतो, बघू दे.

आता क्लावे. मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते इथेच. क्लावे म्हणजे सगळी वाद्यं जिला धरून चालतात ती पाच ठोक्यांची पायाभूत चाल, आणि ती दोन आवर्तनांची असते. एका आवर्तनात तीन ठोके: एक, दोनचा नी, चार. दुसऱ्यात दोन: दोन आणि तीन. तीनची बाजू आधी आली तर तीन-दोन, दोनची आधी आली तर दोन-तीन. रुंबा क्लावेत तीनच्या बाजूचा शेवटचा ठोका चारऐवजी चारच्या नीवर सरकतो. आपल्या माणसाला समजावायला सोपी तुलना खाली-भरीची. दोन अर्धुकं एकसारखी नसतात, एक मात्रेला धरून चालतं, दुसरं मात्रांच्या मधून. टाळी उलटी पडली तर केरव्यात सगळ्यांना कळतं. क्लावे उलटी पडली तर श्रोत्यांना काय बिघडलं ते सांगता येत नाही, पण पियानोवाला मान वर करून बघतो.

वाजवता वाजवता बाजू ओळखायची खूण पियानोत असते. मोंतुनोची, म्हणजे पियानोच्या फिरत राहणाऱ्या चालीची, नेहमीची घडण अशी की दोनच्या बाजूला तो एकवर ठोस सुरू होतो आणि तीनच्या बाजूला सगळा नीनीवर जातो. तो ठोस ‘एक’ ऐकू आला की तुम्ही दोनच्या बाजूला उभे आहात. बेस दोनच्या नीवर आणि चारवर पडतो. तीनच्या बाजूच्या दोनच्या नीला बॉम्बो म्हणतात, आणि कोंग्याचं बेसशी लग्न तिथे लागलेलं असतं. दोन ढोल मांडले असतील तर तीनच्या बाजूला दोनच्या नीवर आणि तीनवर तुंब्याचे दोन मोकळे टोन येतात, दोनच्या बाजूला साधी मार्चा. जलद लयीत इथे खरी अडचण होते, कारण दोनवरचा स्लॅप कोंग्यावर आणि लगेच १०७ मिलिसेकंदांनी उजवा हात शेजारच्या ढोलावर पोचायला हवा. कडा एकमेकींना टेकतील इतके ढोल जवळ ठेवा, स्लॅप डाव्याने घ्या, आणि तरीही गडबड होत असेल तर तुंब्याचा दुसरा टोन सोडून फक्त बॉम्बो वाजवा. एक बॉम्बो जागेवर पडला तर तो दोन धावत्या टोनांना भारी आहे.

एकदा सुरू झालेली क्लावे वादक बदलत नाहीत, धून फिरते. धुनेचा एखादा भाग विषम आवर्तनांचा असेल, समजा सातचा, तर पुढचा भाग आपोआप दुसऱ्या बाजूने सुरू होतो. आपण मोजत राहायचं. ‘नवीन भाग आला, पहिल्यापासून धरू’ ही ऑर्केस्ट्राची सवय इथे घात करते.

लॅटिन जॅझमध्ये अनेकदा पहिला भाग लॅटिन आणि मधला भाग स्विंग असतो. १९४७ साली जॅझचा ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीने क्यूबन कोंगावादक चानो पोझोला आपल्या बिग बँडमध्ये घेतलं तेव्हापासूनचं हे दुखणं: जॅझचे नी लंगडत येतात, कोंग्याचे सरळ. मध्यम लयीत दोन्ही एकत्र वाजले तर चिखल होतो, तिथे कोंग्याने सरळ हात काढून घ्यावा किंवा फक्त दोनवर स्लॅप आणि चारवर टोन ठेवावा. जलद लयीत मात्र ही भानगड सुटते. लय वाढत गेली की स्विंगचा लंगडेपणा कमी कमी होतो आणि २८० च्या आसपास झांजेचे नी जवळजवळ सरळच असतात, म्हणून तिथे मार्चा न थांबवता नेता येते. जलद लय कोंग्यासाठी सोपी आहे असं कुठे म्हणता येत असेल तर ते एवढ्यापुरतंच.

सोलोबद्दल थोडंसंच. तिहाई घ्या, जरूर घ्या, ती आपली कमाई आहे. फक्त समेवर टाकू नका. चारवर टाका, नाहीतर बॉम्बोवर. शेवटचा आघात चारवर पडला आणि पुढचा एक रिकामा गेला की बँड त्या पोकळीत उडी मारतो. समेवर टाकलीत तर सगळे क्षणभर थांबल्यासारखे होतात. आणि सोलोत सलग द्रुत बोल ओतण्यापेक्षा एक छोटा तुकडा घेऊन तो क्लावेच्या दोन्ही बाजूंवर फिरवावा. क्यूबन कोंगावादक मोंगो सांतामारिया ऐकले की कळतं, किती थोड्या सामानात माणूस किती वेळ उभा राहू शकतो.

हाताच्या ठेवणीकडे वळू. मोकळ्या टोनला चारही बोटं जुळलेली, बोटांच्या मुळाशी असलेली गादी कडेवर, अंगठा वर उचललेला. अंगठा खाली राहिला तर कडेवर आपटतो आणि आठवडाभर चहाचा कप धरता येत नाही. बोट टेकलं की लगेच सुटलं पाहिजे. स्लॅपला हात थोडा ओंजळीसारखा, बोटांची टोकं चाबकासारखी पडतात, मनगट अगदी सैल. स्लॅप वाजत नाही म्हणून जोर लावणं ही सार्वत्रिक चूक. तो वाजत नाही कारण बोटं सरळ, कडक राहतात आणि पूर्ण लांबीने पडतात, मग निघतो तो अर्धवट टोन. शाई नसलेलं, जाड, एकसलग चामडं आहे हे, चाटीचा हिशेब इथे चालत नाही. जलद लयीत बंद स्लॅप बरा: डावा हात चामड्यावर आहेच, त्यानेच गुंज दाबली जाते.

फार जोराने, फार वेळ वाजवलं तर हातातल्या रक्तवाहिन्यांत तांबड्या पेशी फुटून लघवी लालसर-तपकिरी होऊ शकते. कोंगा वाजवणाऱ्यांच्या बाबतीत अशा वैद्यकीय नोंदी आहेत. असं दिसलं तर वाजवणं बंद आणि डॉक्टरकडे, पाणी पिऊन बघू वगैरे नको. एरवीच्या भेगांना आपलं भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, उत्तम. रात्री वाजवून झाल्यावर गोळा किंचित गरम करून बोटांच्या पेरांत भरायचा. वाजवण्याआधी मात्र नाही, ते चामड्याला लागतं. चामड्याला खोबरेल लावून मऊ करायचा सल्लाही कोणी ना कोणी देतंच. तेल प्यालेलं चामडं भद्द वाजतं आणि परत कधी सुधारत नाही.

किनाऱ्यावर कोंगा ठेवणाऱ्याची अर्धी लढाई हवेशी. जून ते सप्टेंबर रत्नागिरी-मालवण पट्ट्यात आर्द्रता ८५-९० टक्क्यांच्या घरात असते. खरं चामडं ओल ओढून सैल पडतं, सूर उतरतो, स्लॅप मरतो. माणूस नट आवळतो. सूर येतो. मग तोच ढोल पणजीच्या किंवा मुंबईच्या वातानुकूलित सभागृहात जातो, किंवा हॅलोजनच्या झोतासमोर दोन तास उभा राहतो. चामडं सुकतं, आवळतं, सूर चढत जातो, आणि सगळा ताण आधीच आवळलेल्या कड्यावर येतो. नशीब चांगलं असेल तर फक्त सूर बिघडतो. नसेल तर चामडं कडेला फाटतं किंवा लाकडी खोडाचा सांधा उलतो. म्हणून खऱ्या चामड्याचा ढोल वाजवून झाला की प्रत्येक नट एक फेरा सैल करायचा, आणि नव्या जागी पोचल्यावर अर्धा तास हवा लागू द्यायची, मगच सुरात लावायचा.

हलगी, डफ शेकायची आपली सवय कोंग्यावर चालवू नका. नटांनी ताणलेलं चामडं जाळासमोर धरलं तर ते एका बाजूने आधी सुकतं आणि तिरकं ओढलं जातं. फारच सैल पडलं असेल तर केस वाळवायचं यंत्र हातभर लांबून दोन मिनिटं, गोल फिरवत. माझं मत विचाराल तर पावसाळ्यात फायबरचं खोड आणि सिंथेटिक तोंड, आणि ऑक्टोबर ते मे खरं चामडं. सिंथेटिकवर हवेचा परिणाम जवळजवळ होत नाही, स्लॅप कडक निघतो, जलद लयीत तो बँडच्या वर ऐकूही येतो. पण मोकळ्या टोनला थोडी पत्र्याची किनार राहते आणि हात लवकर दुखतात. खऱ्या चामड्याच्या टोनमधला गोलवा ज्याच्या कानात बसलाय त्याचं समाधान सिंथेटिकवर व्हायचं नाही, तरी जुलैत त्याने निमूट सिंथेटिकच वाजवावं.

सूर लावायला ढोल पायांत न धरता जमिनीवर सरळ उभा करा. पाना १३ मिमीचा ठेवा, अर्ध्या इंचाच्या नटालाही तो बसतो. प्रत्येक नटाला पाव फेरा, गोल फिरत जायचं, एक फेरी झाली की कडेपासून दोन इंचांवर प्रत्येक नटासमोर बोट मारून बघायचं. एकाच नटाला दोन फेरे दिले की कडं वाकडं बसतं, मग बाकीचे कितीही फिरवा, सूर एक होत नाही. सूर कुठला? पेटी घ्या. कोंगा पांढरी एकच्या सा वर, तुंबा त्याच्या खालच्या मंद्र पंचमावर, किंतो असेल तर शुद्ध गंधारावर. प, सा, ग. जलद लयीत मी तुंबा अर्ध्या सुराने चढा ठेवायला सुचवेन, फार खाली असला की त्याची गुंज पुढच्या टोनवर सांडते आणि बेसच्या अंगावरही जाते.

खारा वारा नटांचा शत्रू. आट्यांवर पेट्रोलियम जेली किंवा ग्रीस, अगदी बोटाच्या टोकाएवढं. पातळ तेल नको, ते ओघळतं आणि समुद्रावरची वाळू त्याला चिकटून आटे खरवडते. पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, पण प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून ठेवू नका, चामड्यावर आठवडाभरात बुरशी धरते. धरलीच तर कोरड्या फडक्याने पुसून सावलीत वाऱ्याला ठेवायचं.

किनाऱ्यावरच्या कार्यक्रमाची आणखी एक गंमत म्हणजे वाळू. कोंग्याचा खालचा सूर तळाच्या तोंडातून बाहेर पडतो. ढोल वाळूत रोवला की ते तोंड बुजतं, आणि वादक बिचारा मधोमध बेस काढायला तळवा आपटत बसतो. खाली फळी घाला आणि ढोल किंचित पुढे कलवा, नाहीतर स्टँडवर ठेवा. जाड सतरंजीही आवाज पिते. बसायची उंची अशी हवी की कड मांडीच्या थोडी वर येते आणि हात कोपरापासून किंचित खाली उतरतो. मंडपातली प्लॅस्टिकची खुर्ची चालत नाही, तिचे हात कोपराला लागतात. बिनहाताचं स्टूल घरून न्यावं.

माइक दोन ढोलांच्या मध्ये एक, चामड्यापासून चार-सहा इंचांवर, कडेकडे तोंड करून. शुअरचा एसएम ५७ सगळीकडे मिळतो आणि तेवढा पुरतो. वाऱ्यासाठी वर फोमची टोपी घाला. मग साऊंडवाल्याकडे जाऊन इको बंद करून घ्या. भजन-नमनाच्या सवयीने त्याने तो ठेवलेला असतो, आणि त्याच्या दृष्टीने तो आवाजाला साज असतो. त्याला सोपं उदाहरण द्यायचं: इको ३०० मिलिसेकंदांचा असेल आणि आमचा एकेक आघात १०७ मिलिसेकंदांनी येत असेल, तर तीन आघात ३२१ ला संपतात आणि इको त्याच्या जरा आधी, २१ मिलिसेकंद लवकर येऊन पडतो. म्हणजे माझ्या प्रत्येक टोनच्या अंगावर आधीच्या टोनचं भूत. वाद न घालता त्याला दहा सेकंद दोन्ही ऐकवलं की पटतं. मॉनिटरमध्ये स्वतःचा कोंगा जवळजवळ नको. बेस मागा, आणि पियानोचा डावा हात. स्वतःचा आवाज मोठा ऐकू आला की माणूस स्वतःच्याच मागे लागतो आणि लय चढते.

चढलीच, तर ती बहुधा चारच्या नीपासून चढते. दोन मोकळे टोन एकाच उजव्या हाताचे असतात, दुसरा लवकर पडतो, मग एक लवकर, मग सगळंच. सुधारायची जागा तीच: पहिला टोन थोडा मोठा, दुसरा थोडा लहान, आणि दुसऱ्यानंतर उजवा हात हवेत न ठेवता मांडीकडे पडू द्यायचा. तिथून तो दोनच्या स्लॅपला वेळेवरच येतो.

कार्यक्रम संपल्यावर आधी पाना काढायचा. नट एकेक फेरा सैल, कोरड्या फडक्याने कडं आणि नट पुसायचे, चामड्यावरचा घाम पुसायचा, पिशवीची चेन बोटभर उघडी ठेवायची. गाडीत ढोल तोंडावर उभा ठेवू नका, आडवा ठेवा, पांघरूण घालून. सकाळी घाटात ऊन लागतं.